जखमी कामगाराचा डॉक्टर कोणी निवडावा?

आमच्या सभासद बंधूंपैकी बहुतेकांच्या पेढ्यांवर मालाचे वजन, भाव, अडत आणि उधारीची मुदत यांचे नियम ठरलेले असतात व ते दिवाणजीपासून पोऱ्यापर्यंत सर्वांस ठाऊक असतात. परंतु वखारीत पोत्यांची थप्पी कोसळून हमालाचा खांदा जायबंदी झाला, डाळीच्या गिरणीत पट्ट्यात बोटे सापडली, किंवा मालाच्या गाडीवरून उतरताना क्लीनरचा पाय मोडला, तर त्यास कोणत्या डॉक्टरकडे न्यावयाचे, तो डॉक्टर मालकाने निवडावयाचा की कामगाराने, आणि मध्येच कामगाराने डॉक्टर बदलला तर त्याच्या भरपाईचे काय होते, ह्याचा विचार अपघात घडेपर्यंत सहसा कोणी केलेला नसतो. अपघातानंतर जो निर्णय घाईने होतो त्याचे परिणाम पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागतात. कामगाराचा हात बरा होणे वा न होणे त्यावर अवलंबून असते, आणि मालकावर पडणाऱ्या रकमेचा आकडाही पुष्कळ अंशी त्यावरच ठरतो. यास्तव ह्या विषयाची थोडी विस्ताराने माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

कामावर असताना झालेल्या दुखापतीबद्दल मालकाने भरपाई द्यावी असा कायदा हिंदुस्थानात प्रथम १९२३ साली झाला व तो १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्यापूर्वी कामगारास मालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध करावा लागे, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे असे. नव्या कायद्याने दोष कोणाचा हा प्रश्नच बहुतांशी बाजूस ठेवला व दुखापत नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाली एवढे दिसले की भरपाई देय ठरविली. २००९ सालच्या दुरुस्तीने, जी १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली, ‘कामगार’ ऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ह्या एकत्रित कायद्यात हा सर्व भाग सातव्या प्रकरणात समाविष्ट झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. जुन्या कायद्यातील ‘आयुक्त’ ह्या अधिकाऱ्याच्या जागी संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ आला आहे. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होत असल्याने, त्या तारखेपूर्वीच्या अपघातांचे दावे १९२३ च्या कायद्याच्या आधारेच पाहावे लागतात. डॉक्टरांविषयीची मूळ तत्त्वे मात्र दोहोंत सारखीच आहेत.

हा कायदा केंद्राचा असल्याने बेळगाव, निपाणी, कोल्हापूर अथवा पणजी येथे तो एकच आहे. सीमाभागात ह्या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. निपाणीच्या वखारीत जखमी झालेला चंदगड वा गडहिंग्लजकडील मनुष्य कोल्हापुरास जाऊन उपचार घेऊ लागला, तर केवळ राज्य बदलले म्हणून त्याचा उपचार कायद्याच्या दृष्टीने कमी प्रतीचा ठरत नाही. इतकेच नव्हे, तर दावाही तो जेथे अपघात झाला तेथे, किंवा जेथे तो स्वतः राहतो तेथे, किंवा जेथे मालकाचे नोंदलेले कार्यालय आहे तेथे लावू शकतो.

तीन कामे, तीन भूमिका

ह्या विषयात जो घोटाळा होतो त्याचे मूळ असे की, ‘डॉक्टर’ ह्या एकाच शब्दाखाली आपण तीन निरनिराळी कामे एकत्र करतो. पहिले काम उपचाराचे: हाड बसविणे, जखम शिवणे, व्यायाम सांगणे. दुसरे काम तपासणीचे: दुखापत खरोखर आहे काय, केवढी आहे, कामगार कामावर येण्याजोगा झाला काय, हे मालकाच्या वतीने पाहणे. तिसरे काम मोजमापाचे: दुखापत कायमची राहिली तर कमाईची शक्ती किती टक्के गेली हे लिहून देणे. ही तिन्ही कामे एकाच डॉक्टरने करावीत असे कायदा म्हणत नाही, आणि प्रत्येक कामात मालकाचा व कामगाराचा अधिकार निराळा आहे. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील सर्व नियम सोपे वाटू लागतात.

उपचार कोणाचा घ्यावा

उपचार करणारा डॉक्टर निवडण्याचा अधिकार कामगाराचा आहे. मालकाने सांगितलेल्या दवाखान्यातच त्याने पडून राहावे अशी सक्ती कायद्यात कोठेही नाही. मालक आपल्या खर्चाने डॉक्टर देऊ करू शकतो; कामगार तो स्वीकारू शकतो किंवा नाकारू शकतो. नाकारला म्हणून भरपाई बुडते, असा जो समज आमच्या व्यापारी वर्गात पसरलेला दिसतो तो निराधार आहे.

परंतु कामगाराच्या ह्या स्वातंत्र्यास एक मर्यादा आहे व ती १९२३ च्या कायद्याच्या कलम ११ च्या सहाव्या पोटकलमात अत्यंत काळजीपूर्वक शब्दांत घातली होती. मालकाने फुकट देऊ केलेला अर्हताप्राप्त डॉक्टर कामगाराने नाकारला, अथवा स्वीकारून त्याच्या सूचना बुद्ध्या धाब्यावर बसविल्या. त्यानंतर दुसऱ्या कोणा अर्हताप्राप्त डॉक्टरकडे नियमित उपचारही घेतला नाही, अथवा घेऊनही त्याचे मुद्दाम ऐकले नाही. त्याचे हे वागणे त्या परिस्थितीत गैरवाजवी होते. आणि त्यामुळेच दुखापत बळावली, ह्या चारही गोष्टी शाबीत झाल्या पाहिजेत. त्या शाबीत झाल्या तरीही भरपाई मुळीच नाहीशी होत नाही. योग्य उपचार झाला असता तर दुखापत जेवढी व जितके दिवस राहिली असती, तेवढीच ती आहे असे मानून भरपाई मोजली जाते, इतकाच काय तो परिणाम. शाबीत करण्याचा बोजा हे म्हणणाऱ्या मालकावर असतो.

येथे ‘अर्हताप्राप्त’ ह्या शब्दाकडे लक्ष द्यावे. केंद्राच्या वा राज्याच्या कायद्यान्वये ठेवलेल्या वैद्यकीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो अर्हताप्राप्त. आपल्या भागात हाड मोडले की गावच्या हाडवैद्याकडे जाऊन पट्टी बांधून घेण्याची चाल जुनी आहे आणि पुष्कळांचा तिजवर विश्वास आहे. त्या विश्वासाची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु नोंदवहीत नाव नसलेल्या हाडवैद्याचा उपचार कायद्याच्या दृष्टीने ‘नियमित वैद्यकीय उपचार’ होत नाही. हाड वाकडे जुळून आले आणि मालकाने रुग्णालयात नेण्याची तयारी वेळीच लेखी दाखविली होती असे निघाले, तर नुकसान कामगाराचेच होते. सबब जखमी मनुष्यास व त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांस ही गोष्ट पहिल्याच दिवशी शांतपणे समजावून सांगणे हे मालकाचे कर्तव्य आम्ही समजतो. त्याने श्रद्धेपोटी हाडवैद्याकडे जाण्यापूर्वी निदान एक्स-रे काढून नोंदणीकृत डॉक्टरचा कागद तरी हाती ठेवावा.

डॉक्टर बदलल्यास

उपचार चालू असता कामगाराने डॉक्टर बदलला तर आपले सभासद बहुधा संशय घेतात. ‘पहिल्या डॉक्टरने कामावर जा म्हटले म्हणून दुसरा गाठला,’ असे म्हटले जाते. क्वचित् ते खरेही असेल. परंतु बदलाची वाजवी कारणे पुष्कळ असतात. रुग्णालय घरापासून दूर असते व रोज नेण्याआणण्यास मनुष्य नसतो. शस्त्रक्रियेविषयी दुसरे मत घ्यावेसे वाटते. वेदना थांबत नाहीत. किंवा डॉक्टरची भाषा कामगारास समजत नाही. सीमाभागात ही शेवटची अडचण काल्पनिक नाही. बदल झाला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बदलामुळे उपचारात खंड पडला काय, आणि त्या खंडामुळे दुखापत वाढली काय, एवढेच पाहावयाचे असते.

म्हणून डॉक्टर बदलणाऱ्या कामगाराने दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिल्या डॉक्टरचे केसपेपर, एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणे व औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती मागून घ्याव्यात आणि नव्या डॉक्टरपुढे ठेवाव्यात. व बदलाचे कारण दोन ओळींत लिहून मालकास कळवावे. मालकाने ते पत्र तक्रार समजून फेकून न देता पोच देऊन फायलीस लावावे. पुढे प्राधिकाऱ्यासमोर प्रकरण गेल्यास हाच कागद दोघांच्याही उपयोगी पडतो.

मालकाकडूनही ह्या बाबतीत एक चूक वारंवार होते. कामावर ठेवतानाच, ‘अपघात झाल्यास पेढीच्या डॉक्टरखेरीज अन्यत्र जाणार नाही, गेल्यास भरपाईचा हक्क सोडीन,’ असे लिहून घेतले जाते. असल्या लेखास काडीचीही किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा वा मालकाची जबाबदारी कमी करणारा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. उलट, असा लेख न्यायासनापुढे आला तर मालकाच्या हेतूविषयी प्रतिकूल ग्रह मात्र होतो.

तपासणीचा मालकाचा अधिकार

उपचाराची निवड कामगाराची असली, तरी तपासणीचा अधिकार कायद्याने मालकास स्पष्ट दिला आहे. अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने आपल्या खर्चाने अर्हताप्राप्त डॉक्टरकडून तपासणी करण्याची तयारी दाखविली, तर कामगारास ती करू द्यावी लागते. अर्धमासिक रक्कम घेणाऱ्यास नंतरही वेळोवेळी तपासणीस यावे लागते. सबळ कारणावाचून नकार दिल्यास, नकार चालू असेपर्यंत त्याचा हक्क स्थगित राहतो व त्या काळाची रक्कम मिळत नाही. त्याचप्रमाणे तपासणीची मुदत संपण्यापूर्वी तो तपासणीवाचून स्वखुशीने गाव सोडून निघून गेला, तर परत येऊन तपासणीस तयार होईपर्यंत हक्क स्थगित असतो. जखमी हमाल दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने आपल्या खेड्यास जातो हे नेहमीचेच आहे. त्यास जाऊ देण्यापूर्वी तपासणी उरकून घेणे दोघांच्याही हिताचे असते.

हा अधिकार छळाचे साधन होऊ नये म्हणून १९२४ च्या नियमांनी त्यास कुंपण घातले होते. अर्धमासिक रक्कम घेणाऱ्या कामगारास त्याच्या राहत्या जागेव्यतिरिक्त अन्यत्र, अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात दोनपेक्षा अधिक वेळा व पुढे महिन्यातून एकापेक्षा अधिक वेळा तपासणीस बोलावता येत नसे. ज्यास घराबाहेर पडणे अशक्य वा अनिष्ट आहे त्यास मालकाच्या जागी येण्याची सक्ती नव्हती. स्त्री कामगाराची तपासणी पुरुष डॉक्टरने तिच्या संमतीवाचून करावयाची झाल्यास दुसरी स्त्री हजर असणे आवश्यक होते. आणि स्त्री डॉक्टरचा खर्च तिने जमा केल्यास पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्याची सक्ती तिजवर नव्हती. तंबाखूच्या वखारींत आणि शेंगा निवडण्याच्या कामावर जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, तेथे आमच्या सभासदांनी ही रीत नियमाच्या धाकाने नव्हे तर सभ्यतेचा भाग म्हणून पाळावी, आणि स्त्री डॉक्टरचा खर्च आपणच सोसावा, असे आम्ही सुचवितो.

तपासणी करणारा डॉक्टर हा मालकाचे डोळे असतो. तो उपचार बदलू शकत नाही. पेढीच्या डॉक्टरने तपासून, ‘प्लास्टर काढा व कामास लागा,’ असे कामगारास परस्पर सांगितले आणि हाड पुन्हा सरकले, तर त्या वाढीव दुखापतीचा दोष कामगाराच्या पदरात घालणे कठीण जाईल. त्याचे मत निराळे असल्यास ते त्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरास कळवावे, व दोघांच्या मतांची नोंद राहू द्यावी.

टक्क्यांचा प्रश्न

कायमच्या दुखापतीत सर्वात मोठा वाद टक्क्यांचा. काही दुखापतींचे टक्के कायद्याच्या परिशिष्टातच दिलेले आहेत. अंगठा गेल्यास ३०, एका हाताची दोन बोटे गेल्यास २०, तीन गेल्यास ३०, चारही गेल्यास ५०, तर्जनी संपूर्ण गेल्यास १४, आणि दुसरा डोळा शाबूत असता एक डोळा गेल्यास ४० टक्के. ह्यांत डॉक्टरच्या निवडीने फारसा फरक पडत नाही. परंतु खांदा आखडणे, कणा दुखावणे, गुडघा न वळणे असल्या दुखापती परिशिष्टात नाहीत. त्यांत कमाईची शक्ती किती गेली हे अर्हताप्राप्त डॉक्टरने, परिशिष्टातील टक्क्यांचे भान ठेवून, ठरवावयाचे असते. येथे दोन डॉक्टरांचे दोन आकडे निघू शकतात.

त्याचा अर्थ रुपयांत काय होतो ते पाहू. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई म्हणजे मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार दिलेला गुणक. चाळीस वर्षांच्या मनुष्याचा गुणक १८४.१७ आहे. त्याचे वेतन १२,००० रुपये धरल्यास ७,२०० × १८४.१७ म्हणजे १३,२६,०२४ रुपये होतात. त्याचा खांदा दुखावला व एका डॉक्टरने कमाईची हानी १५ टक्के लिहिली, तर भरपाई १,९८,९०३ रुपयांच्या घरात जाते. दुसऱ्याने ४० टक्के लिहिली तर ५,३०,४०९ रुपये. अंतर ३,३१,५०६ रुपयांचे. एवढी रक्कम लहान पेढीस जड आहे, आणि ज्याचा उजवा खांदा पुन्हा ओझे उचलणार नाही त्याच्या संसारास ती न मिळणे त्याहून जड आहे.

ह्या मोजमापात मनुष्याचा धंदा पाहावयाचा असतो. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका सुताराच्या प्रकरणात त्याने डावा हात गमावला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याची हानी शंभर टक्के, हे मत न्यायालयाने मान्य केले. ज्या खांद्याने कारकुनाचे काम अडत नाही त्याच खांद्याने हमालाची रोजी बंद होते. म्हणून मोजमाप करणाऱ्या डॉक्टरास कामगार नेमके काय काम करीत होता, किती वजन उचलीत होता, किती वेळ उभा राहत होता, ह्याची लेखी माहिती मालकाने द्यावी. ती न देता मागविलेला दाखला हवेत बांधलेल्या घरासारखा असतो.

दाखला कोणाचा, ह्यासही वजन आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे बजाविले की, ज्या डॉक्टरांनी जखमीवर उपचार केलेला नाही आणि जे मागेल त्यास अपंगत्वाचे तयार दाखले देतात, त्यांची साक्ष सावधगिरीने स्वीकारावी. शरीराचे अपंगत्व किती ते डॉक्टर सांगेल, परंतु त्यामुळे त्या मनुष्याची कमाई किती गेली हे ठरविण्याचे काम न्यायासनाचे, हाही भेद तेथे स्पष्ट केला. तो निकाल मोटार कायद्याखालचा असला तरी त्यातील सावधगिरी येथेही उपयोगी आहे. दाव्याच्या आदल्या आठवड्यात शोधलेला डॉक्टर, मग तो कामगाराने शोधलेला असो वा मालकाने, पहिल्या दिवसापासून हाड पाहणाऱ्या डॉक्टरपुढे फिका पडतो. दोन दाखल्यांत मोठी तफावत असल्यास सरकारी वैद्यकीय मंडळाकडून तपासणी व्हावी अशी विनंती उभयतांनी मिळून करणे हा सर्वांत कमी कटुतेचा मार्ग होय.

खर्च कोणी सोसावा

२०१० पासून कामगारास नोकरीतील दुखापतीच्या उपचारासाठी प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने परत करावयाचा आहे. हा खर्च भरपाईव्यतिरिक्त आहे. ‘दवाखान्याचे ऐंशी हजार आम्हीच भरले, आता भरपाई कसली?’ हा युक्तिवाद आमच्या कानी अनेकदा येतो. परंतु उपचारासाठी दिलेली रक्कम भरपाईतून वजा होत नाही. त्याचप्रमाणे तात्पुरत्या अपंगत्वात मासिक वेतनाच्या २५ टक्के इतकी अर्धमासिक रक्कम निराळी द्यावी लागते. पहिले तीन दिवस सुटतात. परंतु अपंगत्व अठ्ठावीस दिवस वा अधिक टिकल्यास पहिल्या दिवसापासूनचे देणे लागते. देय रक्कम महिन्याच्या आत न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंबास समर्थन नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत अधिक दंड बसू शकतो. टक्क्यांविषयी वाद असला तरी आपणास मान्य असलेली रक्कम अडवून ठेवू नये. ती आधी देऊन उरलेल्याचा वाद चालवावा.

ज्यांनी कामगार भरपाईचा विमा उतरविला आहे त्यांनी आपली पॉलिसी आजच उघडून पाहावी. उपचाराचा खर्च तीत धरला आहे काय, असल्यास किती रकमेपर्यंत, आणि अपघाताची सूचना विमा कंपनीस किती दिवसांत द्यावयाची, हे तीन प्रश्न तपासावेत. कंपनी आपला डॉक्टर पाठवील. तोही तपासणारा डॉक्टर आहे, उपचार करणारा नव्हे.

राज्य विमा योजनेतील कामगार

ज्या आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येतात, तेथील विमाधारकांची गोष्ट निराळी आहे. दहा वा अधिक माणसांच्या आस्थापनांस ही योजना लागते, आणि १ जानेवारी २०१७ पासून तिची वेतनमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. विमाधारकास नोकरीतील दुखापतीबद्दल मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. ती महामंडळाकडून मिळते, व तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने मिळते. उपचार नेमून दिलेल्या दवाखान्यातून, किंवा जेथे पॅनेलची पद्धत आहे तेथे पॅनेलवरील डॉक्टरकडून घ्यावयाचा. कायमच्या अपंगत्वाचे टक्के वैद्यकीय मंडळ ठरविते. तो निर्णय मान्य नसल्यास वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे, किंवा थेट विमा न्यायालयाकडे दाद मागता येते. येथे मालकाचे मुख्य काम एवढेच की, माणसाची नोंदणी पहिल्या दिवसापासून केलेली असावी आणि अपघाताचा अहवाल ताबडतोब जावा. नोंदणी टाळून वाचविलेली वर्गणी अपघाताच्या दिवशी किती महाग पडते, हे ज्यांनी अनुभवले त्यांस सांगावयास नको.

सभासदांस आमची सूचना

वरील विवेचनावरून प्रत्येक पेढीने, वखारीने व गिरणीने आपली रीत आधीच ठरवून ठेवावी. जवळचे रुग्णालय व अस्थिशल्यतज्ज्ञ यांची नावे भिंतीवर मराठीत व कानडीत लावावीत, आणि ‘कामगारास अन्य नोंदणीकृत डॉक्टरकडे जाण्याची मोकळीक आहे’ हे वाक्य त्याखाली लिहावे. अपघात होताच प्रथम उपचार, मग कागद, हा क्रम पाळावा. त्याच दिवशी डॉक्टर व तपासणी देऊ करणारे पत्र कामगारास समजेल अशा भाषेत द्यावे व पोच घ्यावी. अंगठा उमटविणारा मनुष्य असल्यास ते त्याच्या घरच्यांसमोर वाचून दाखवावे. उपचार आणि तपासणी ह्यांसाठी एकच डॉक्टर शक्यतो नेमू नये. रोग्याचा विश्वास व मालकाची खात्री ही दोन्ही एकाच मनुष्याकडून मागितली की बहुधा दोन्ही हातची जातात. प्रत्येक बिलाची, चिठ्ठीची व पत्राची प्रत एका फायलीत तारखेनुसार लावावी, जशी आपण मालाची बिले लावतो. आणि रुग्णालयात भेटीस जावयाचे ते केवळ दिवाणजीस न पाठविता मालकाने स्वतः एकदा तरी जावे.

पुष्कळ दावे टक्क्यांच्या वादापेक्षा मनातील अढीमुळे न्यायासनापर्यंत जातात. ‘शेठजींनी आपला डॉक्टर लादला आणि त्याने त्यांच्या बाजूने लिहिले,’ ही भावना एकदा रुजली की खरा दाखलाही खोटा वाटतो. कामगारास डॉक्टर निवडू देणे ही कायद्याने सांगितलेली गोष्ट आहेच. परंतु ती मोकळीक मालकाने तोंड भरून, पहिल्याच दिवशी दिली, तर पुढील तपासणी, मोजमाप व देणेघेणे ही सर्व सरळ होतात. आमचे सभासद ग्राहकास माल पारखून घेऊ देतात आणि त्यानेच पेढीची पत वाढते हे जाणतात. ज्याच्या खांद्यावरून तो माल वखारीत आला त्यास आपला वैद्य पारखून घेऊ द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.